अंधारात सरकत जाणारं घड्याळ: उजेडाचा निरोप मेंदूला पोचतो तरी कसा?

सांजसावली (धागाकर्ती)

बाबांची नजर जाऊन आता दोन वर्षं होतील. काचबिंदू. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं, आणि शेवटी उजेड-अंधार एवढा फरकसुद्धा कळेनासा झाला. ते आम्ही हळूहळू पचवलं, त्यांनीही. काठी धरायला शिकले, घरातली पावलं मोजून ठेवली, बोलणारा फोन हाताळू लागले. त्यांची झोप मात्र बिघडत चालली होती आणि तिकडे कुणाचंच नीट लक्ष नव्हतं.

आधी वाटलं, दिवसभर बसून असतात म्हणून रात्री डोळा लागत नसेल. मग वाटलं, मन खचलंय. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, तर दिवसाही गुंगीत राहायला लागले. शेवटी मी एक वही केली. दोनच रकाने: झोप लागली किती वाजता, जाग आली किती वाजता.

पहिली नोंद रात्री १०:४० ची. दुसऱ्या दिवशी ११:१५. मग ११:४०. मग १२:२०. आठवडा संपला तेव्हा पहाटेचे दोन वाजून गेल्याशिवाय बाबांना झोप येत नव्हती. तिसरा आठवडा सरता सरता ते सकाळी नऊला झोपत होते, आणि रात्रभर खिडकीशी बसून असायचे. ४८ व्या दिवशी पुन्हा १०:३० ला झोपले! घरात चार दिवस आनंदीआनंद. पाचव्या दिवसापासून पुन्हा तीच घसरण.

मग मी आलेख-कागदावर रोजचा एकेक ठिपका टाकला आणि त्यावर पट्टी ठेवली. ठिपके पट्टीच्या कडेला जवळजवळ चिकटून होते, एका तिरप्या रेषेत. खचलेल्या मनाची झोप अशी आखून दिल्यासारखी सरकत नाही. बाबांचं घड्याळ उत्तम चालू होतं, ते साडेचोवीस तासांचं झालं होतं इतकंच. आणि ते रोज जुळवून देणारं कुणी उरलं नव्हतं.

तेव्हापासून वर्षभर मिळेल ते वाचतेय. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांना उपयोग होईल म्हणून, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाच हे सगळं विलक्षण वाटतं म्हणून, इथे लिहितेय.

आपल्या सगळ्यांच्याच आत घड्याळ आहे आणि ते बरोबर २४ तासांचं नसतं. १९९९ मध्ये चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी माणसांना बाहेरच्या वेळेचा पत्ता लागू न देता काटेकोरपणे मोजलं, तेव्हा सरासरी आली २४ तास ११ मिनिटं. म्हणजे डोळस माणसालाही हे घड्याळ रोज थोडं सावरून घ्यावं लागतं. आपल्याला ते जाणवत नाही, कारण उजेड गुपचूप ते काम करून टाकतो.

हे घड्याळ मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्या फुलीच्या अगदी वर बसलेलं आहे. नाव लांबलचक आहे, सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. सगळे एससीएन म्हणतात. दोन्ही बाजूंच्या मिळून साधारण २०,००० चेतापेशी. १९७२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांमध्ये एवढाच ठिपका नष्ट करून पाहिला, आणि त्यांच्या दिवसरात्रीची लयच गेली. झोपायचे, पण कधीही, तुकड्यातुकड्यांत.

आता मुद्द्याचं. एससीएन कवटीच्या आत, काळोखात. तिथे उजेड पोचत नाही, पोचतं ते रसायन. दृष्टिपटलापासून एक वेगळी नस थेट एससीएनकडे जाते. ती चित्र दाखवण्याच्या कामाची नाही. उजेड पडला की या नसेच्या टोकांतून ग्लुटामेट सुटतं, सोबत पॅकॅप नावाचं एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखाच पण छोटा रेणू. ग्लुटामेट समोरच्या पेशीच्या दारांवर जाऊन बसतं, दारं उघडतात, कॅल्शियम आत येतं. त्याने आतली प्रथिनं जागी होतात, क्रेब नावाचं प्रथिन केंद्रकात पर-१ आणि पर-२ ही जनुकं चालू करतं. ही घड्याळाचीच जनुकं. त्यांची प्रथिनं साठत जातात, पुरेशी साठली की स्वतःच्याच जनुकांना गप्प करतात, मग विरघळतात आणि पुन्हा पहिल्यापासून. या एका फेऱ्याला साधारण दिवस लागतो. उजेडाने आलेलं ग्लुटामेट या फेऱ्यात मध्येच भर घालतं आणि काटे हलतात.

पण कुठल्या दिशेने हलतात? मी सगळ्यात जास्त वेळ अडले ती जागा ही. मला वाटायचं, सकाळचा उजेड एक सांगत असेल आणि रात्रीचा दुसरं काही. तसं नाही. ग्लुटामेट तेच आणि दारंही तीच. रात्रीच्या पहिल्या भागात ते आलं तर घड्याळ मागे जातं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळंच उशिरा. पहाटेच्या भागात आलं तर पुढे जातं, म्हणजे सगळं लवकर. आणि भर दुपारी आलं तर जवळपास काहीच होत नाही. मेंदूचा पातळ काप बशीत जिवंत ठेवून त्यावर थेट ग्लुटामेट टाकलं तरी असंच होतं. हे मार्था जिलेट यांच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये दाखवलं. तिथे डोळा नव्हता, उजेड नव्हता, होती फक्त रसायनाची चिमूट आणि पेशीची स्वतःची वेळ. पुढे असंही दिसलं की रात्रीच्या सुरुवातीला पेशी हा निरोप आतल्या कॅल्शियमच्या कोठारांकडे नेते आणि रात्रीच्या शेवटी सीजीएमपी नावाच्या दुसऱ्याच साखळीकडे. निरोप एकच, पण तो ऐकणारी पेशी किती वाजता ऐकतेय त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

हे कळलं आणि बाबांच्या वहीकडे मी वेगळ्या नजरेने पाहायला लागले. त्यांच्या एससीएनमध्ये ऐकणारे सगळे अजून जागेवर आहेत, रोज आपल्या वेळेला कान टवकारून बसतात. निरोप आणणारी नसच काचबिंदूने वाळली आहे.

कुणाच्या घरी असा अनुभव आहे का? आणि माझ्या समजण्यात काही चूक असेल तर जरूर सांगा.

---

पाऊलवाट

सांजसावलीताई, वाचून अंगावर काटा आला. तुमच्या बाबांना नमस्कार.

मला एक कळत नाहीये. माझ्या आत्याला रेटिनायटिस पिगमेंटोझा आहे, गेली पंचवीस वर्षं तिला काहीच दिसत नाही. पण झोपेचं विचाराल तर घरात सगळ्यात शिस्तीची तीच. दहाला झोपते, साडेपाचला उठते. तिचं घड्याळ का नाही सरकत?

---

पेशीगणित

पाऊलवाट, तुमच्या आत्यांच्या प्रश्नाने या विषयाचा अख्खा इतिहास फिरवला आहे. मी काही वर्षं याच क्षेत्रातल्या प्रयोगशाळेत काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेटिनायटिस पिगमेंटोझात दंडपेशी आणि शंकूपेशी मरतात. आपण ज्याला 'दिसणं' म्हणतो ते यांच्यावर अवलंबून असतं. शंभर वर्षांहून जास्त काळ सगळ्यांना खात्री होती की डोळ्यात उजेड पकडणाऱ्या पेशी या दोनच. पण १९९१ मध्ये रसेल फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हाच दोष असलेले, पूर्ण आंधळे म्हणावेत असे उंदीर उजेडाने घड्याळ अगदी डोळस उंदरांसारखं जुळवतात. डोळे काढले की मात्र जुळवणं बंद. म्हणजे डोळ्यातच तिसरं काहीतरी होतं. लोकांना पटायला वेळ लागला. डोळ्याचा इतका अभ्यास झालेला, त्यात एक अख्खी पेशीजात नजरेतून सुटेल कशी?

१९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना एक नवीन रंगद्रव्य सापडलं, तेही बेडकाच्या कातडीतल्या रंगपेशींत! नाव मेलॅनोप्सिन. ते दृष्टिपटलातही आहे हे पुढे दिसलं, आणि २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांनी दाखवलं की एससीएनकडे तार टाकणाऱ्या गँग्लियन पेशी (दृष्टिपटलातला निरोप मेंदूकडे नेणाऱ्या पेशी) स्वतःच उजेडाला प्रतिसाद देतात, दंड-शंकूंच्या मदतीशिवाय. सगळ्यात जास्त प्रतिसाद निळसर उजेडाला, ४८० नॅनोमीटरच्या आसपास. या पेशी गँग्लियन पेशींमध्ये अगदी थोड्या असतात. त्यांना चित्राशी फारसं देणंघेणं नाही, उजेड किती आणि किती वेळ आहे एवढंच त्या मोजतात. कॅमेऱ्यापेक्षा छायाचित्रकाराच्या लाइट मीटरच्या जवळच्या म्हणा.

तुमच्या आत्यांच्या डोळ्यात या पेशी बहुधा शाबूत आहेत. सांजसावलींच्या बाबांचा काचबिंदू नेमका गँग्लियन पेशीच मारतो. या पेशी तशा चिवट असतात, पण आजार फार पुढे गेला की त्याही जातात.

एक पुस्ती जोडतो. नुसतं मेलॅनोप्सिन काढून टाकलेले उंदीर घड्याळ जुळवतातच, थोडं कमी जोराने. कारण दंड-शंकूंचा निरोपही याच पेशींतून पुढे जातो. पण २००८ मध्ये या पेशीच मारून पाहिल्या, तेव्हा उंदरांना चित्र दिसत राहिलं आणि घड्याळ मात्र मोकाट सुटलं. तुमच्या आत्यांच्या बरोबर उलट.

---

पाऊलवाट

पेशीगणितदादा, किती सोपं करून सांगितलंत. आत्याला आत्ताच वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या डोळ्यांना अजून सकाळ कळते तर." मग बराच वेळ काही बोलली नाही.

---

सांजसावली

पाऊलवाट, 🙏 आत्यांना सांगा, रोज सकाळी उजेडात बसायचं सोडू नका.

यावरूनच एक गोष्ट सगळ्यांसाठी. नजर गेलेला डोळा दुखतो म्हणून काढून टाकायचा विचार कधी कधी होतो. 'तसाही दिसत नाही' हे कारण पुरेसं नाही, असं या विषयाचे अभ्यासक आग्रहाने सांगतात. तो डोळा घड्याळाला उजेड पोचवत असू शकतो. निर्णय डॉक्टरांचाच, पण हा प्रश्न त्यांना जरूर विचारा.

---

काठावरचा

जुनं काहीतरी आठवलं. गुडघ्याच्या मागे दिवा लावून शरीराचं घड्याळ हलवता येतं, असं मी कॉलेजात असताना वाचलं होतं. रक्तातून निरोप जातो म्हणे. सांजसावलींच्या बाबांना याचा उपयोग होईल का?

---

पेशीगणित

नाही होणार. तो प्रयोग १९९८ चा, मोठ्या नियतकालिकात आला होता आणि गाजलाही. पण २००२ मध्ये राइट आणि झाइस्लर यांनी तो जास्त काटेकोरपणे करून पाहिला तेव्हा गुडघ्यामागच्या प्रखर उजेडाने घड्याळ हललं नाही. सस्तन प्राण्यांत हा रस्ता डोळ्यातूनच जातो. पक्ष्यांचं वेगळं, त्यांना कवटीतूनही उजेड कळतो.

---

रातराणी

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, अकरा वर्षं रात्रपाळी करतेय. मला नेहमी ऐकवलं जातं, "इतकी वर्षं झाली, अजून सवय नाही झाली?" नाही झाली. पाळी संपवून सकाळी घरी जाते तेव्हा अंग मोडलेलं असतं आणि पडल्यावर मात्र डोळे टक्क उघडे.

सांजसावलींचं ते 'किती वाजता ऐकतेय' वाचलं आणि चमकले. मी रोज सकाळी साडेसातला उन्हातून घरी जाते. म्हणजे मी रात्रभर घड्याळ मागे ढकलायला बघते आणि घरी जाताना स्वतःच ते पुढे ओढते, असं होतंय का?

---

सांजसावली

रातराणी, मला तरी अगदी तसंच वाटतं. पेशीगणित दुरुस्त करतीलच.

सर्वसाधारणपणे आपण रोज उठतो त्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली गेलेलं असतं. त्या बिंदूच्या आधी पडलेला उजेड घड्याळ मागे नेतो आणि नंतरचा पुढे. तुमच्या वॉर्डातला उजेड काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असेल. बाहेर ढगाळ सकाळीही दहा हजार लक्स असू शकतो, भर उन्हात लाखभर. डोळ्याला दोन्ही 'उजेडच' दिसतं, पण त्या लाइट मीटरवाल्या पेशींच्या लेखी फरक प्रचंड आहे. रात्रभराची मेहनत घरी जायच्या अर्ध्या तासात पुसली जाते. म्हणून पाळी संपवून जाताना गडद गॉगल आणि घरी खोली ठार काळोखी, असं सुचवलं जातं. स्वतः गाडी चालवत असाल तर मात्र गॉगलचं जपून, डुलकीचा धोका असतो.

आणि सवय न होणं हा तुमचा दोष नाही. अकरा वर्षं हे ऐकून घेतलंत याचंच मला वाईट वाटलं.

---

पेशीगणित

अगदी बरोबर. त्यात एक भर. उजेड कितीही मिळाला तरी घड्याळ एका दिवसात फार हलत नाही. दूरच्या प्रवासानंतर दिवसाला साधारण एक तास या हिशोबाने माणूस सावरतो. याचं एक कारण २०१३ मध्ये सापडलं. उजेडाचा निरोप पेशीत पोचला की त्याच धक्क्याने सिक-१ नावाचं एक प्रथिनही तयार होतं आणि ते मागाहून येऊन निरोपाची साखळी बंद करतं. म्हणजे गाडी सुरू करणारी किल्लीच ब्रेकही लावते. उंदरांमध्ये हा ब्रेक कमी केला तर ते नव्या वेळेला लवकर जुळतात.

ब्रेक का असावा? मला वाटतं, तो नसता तर मध्यरात्री पाच मिनिटं लागलेल्या दिव्याने अख्खं शरीर उलटंपालटं झालं असतं.

---

चांदणझोत

हे सगळं शेवटी मेलाटोनिनवरच येऊन थांबतं ना? निळा उजेड मेलाटोनिन बंद करतो आणि झोप जाते. सगळीकडे हेच लिहिलेलं असतं.

---

सांजसावली

चांदणझोत, मीही आधी हेच समजत होते, कारण सगळीकडे खरंच तेच लिहिलेलं असतं. पण त्या सांगण्यात घड्याळ स्वतःच गायब होतं.

मेलाटोनिन हे संप्रेरक म्हणजे घड्याळाने बाहेर पाठवलेलं पत्र आहे. 'रात्र झाली' एवढाच त्यातला मजकूर. आणि ते जातं किती फिरून! एससीएनपासून हायपोथॅलॅमसच्या दुसऱ्या भागात, तिथून खाली मज्जारज्जूत, तिथून मानेतल्या एका गाठीत, तिथून पुन्हा वर पिनिअल ग्रंथीकडे. त्या शेवटच्या टप्प्यावर नसेतून नॉरअ‍ॅड्रिनलिन सुटतं आणि मग ग्रंथी मेलाटोनिन बनवते. मान्य, रात्री प्रखर उजेड पडला तर हे बनणं थांबतं. १९८० मध्ये आल्फ्रेड लेवी यांनी माणसांत ते पहिल्यांदा दाखवलं, २५०० लक्सच्या उजेडात. पण थांबवण्याचा हुकूम एससीएनमधूनच निघतो, आणि एससीएनला उजेडाची बातमी देतं ते ग्लुटामेटच.

पुढचा भाग मला फार आवडतो. हे पत्र परतही येतं. एससीएनच्या पेशींवर मेलाटोनिनचे ग्राहक (ते पकडणारी प्रथिनं) आहेत, म्हणजे घड्याळाने पाठवलेली रात्रीची बातमी घड्याळच पुन्हा वाचतं. त्यामुळे ठरावीक वेळेला बाहेरून मेलाटोनिन दिलं तर घड्याळ हलवता येतं. बाबांच्या बाबतीत हाच एक रस्ता उरला होता. त्याबद्दल शेवटी लिहिते.

---

चांदणझोत

कळलं. मग रात्री फोन बघणं किती वाईट?

---

पेशीगणित

याचं एका ओळीत उत्तर देणारे लोक मला पटत नाहीत. दिवसभर बंद खोलीत मंद उजेडात बसलेल्या माणसावर रात्रीच्या पडद्याचा परिणाम जास्त होतो, दिवस उजेडात घालवलेल्यावर कमी. पडदा किती प्रखर, डोळ्यापासून किती लांब आणि किती वेळ, यावरही बरंच आहे. फोन बघता बघता आपण झोपायचं तासभर पुढे ढकलतो आणि खोलीतला दिवाही तेवढा वेळ चालू राहतो, हे तर कुणी धरतच नाही.

डोळा यात अगदीच निमूट बसलेला नसतो. २०२० मध्ये उंदरांत असं दिसलं की याच गँग्लियन पेशींपैकी काही गाबा नावाचं रसायन सोडतात. ग्लुटामेट पेशीला उठवतं, गाबा थोपवतं. त्यामुळे मंद उजेडाने घड्याळ उगाच हलत नाही. ते गाबा काढून टाकलं तर उंदरांचं घड्याळ अगदी अंधुक उजेडानेही हलायला लागतं.

वरून सेरोटोनिनही आहे. मेंदूच्या खोडातून एससीएनकडे सेरोटोनिनची एक वाट येते, ती उजेडाच्या निरोपाचा आवाज कमी करते. आणि अ‍ॅडेनोसिन, जे जागरणाबरोबर मेंदूत साठत जातं, तेही ग्लुटामेट सोडणाऱ्या टोकांना आवरतं. आपण किती वेळ जागे आहोत हेही घड्याळ उजेडाचं ऐकताना हिशोबात धरतं असं यावरून दिसतं. कॅफीन अडवतं ते याच अ‍ॅडेनोसिनला, म्हणून संध्याकाळनंतरची कॉफी फक्त झोप उडवून थांबत नाही, घड्याळही मागे सारते.

---

काठावरचा

एक मूलभूत शंका. २०,००० पेशी आहेत म्हणता. प्रत्येकीचं घड्याळ वेगळं की सगळ्यांचं मिळून एक?

---

पेशीगणित

प्रत्येकीचं वेगळं! १९९५ मध्ये या पेशी सुट्या करून एकाच बशीत वाढवल्या, तर शेजारशेजारच्या पेशी आपापल्या वेळेने चालत होत्या. एकीची दुपार, दुसरीची मध्यरात्र.

मग मेंदूत त्या एकत्र कशा राहतात? मी स्वतः पाहिलेलं सांगतो. उंदराच्या घड्याळाच्या प्रथिनाला काजव्याचं चमकणारं प्रथिन जोडता येतं. अशा उंदराच्या एससीएनचा काप उबेला, मिट्ट काळोखात, फार संवेदनशील कॅमेऱ्याखाली ठेवायचा. उजेड इतका मंद की डोळ्याला काहीच दिसत नाही, एकेका चित्राला अर्धा अर्धा तास लागतो. आठवड्याभराची चित्रं एकापाठोपाठ एक पळवून पाहिली की पडद्यावर दोन छोटे पंख दिसतात, फुलपाखरासारखे. वरच्या आतल्या कडेपासून चमक सुरू होते, लाटेसारखी खाली पसरते, विझते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा. शरीर नाही, डोळा नाही, तरी आठवडेच्या आठवडे. पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री मी घरी गेलो नाही, पुन्हा पुन्हा तेच लावून बघत बसलो.

पेशींचं एकमेकींशी बोलणं बंद पाडलं की लाट फुटते. पफर माशाचं विष, टेट्रोडोटॉक्सिन, पेशींचे विद्युत-झटके थांबवतं. ते टाकलं तर काही दिवसांत पेशी वाट्टेल तशा पांगतात. धुवून काढलं की पुन्हा एकत्र येतात, आणि प्रत्येक जण आपल्या जुन्या जागेवर.

हे बोलणं चालतं मुख्यत्वे व्हीआयपी नावाच्या पेप्टाइडने. डोळ्यातून येणारी नस एससीएनच्या खालच्या, गाभ्याच्या पेशींकडे उतरते. ग्लुटामेट त्यांना मिळतं. त्या व्हीआयपी सोडतात आणि वरच्या कवचातल्या पेशींपर्यंत वेळ पोचवतात. २००५ मध्ये एरिक हर्झॉग यांच्या गटाने व्हीआयपी नसलेले उंदीर तपासले: पुष्कळशा पेशींची लय ढिली आणि उरलेल्या एकमेकींशी न जुळलेल्या. म्हणजे उजेडाने जुळवणं हे दोन टप्प्यांचं काम आहे. ग्लुटामेट बातमी दारापर्यंत आणतं, व्हीआयपी ती घरभर करतं.

कवचातल्या पेशी आपापसात व्हॅसोप्रेसिन नावाच्या दुसऱ्या पेप्टाइडने बोलतात आणि लय घट्ट धरून ठेवतात. २०१३ मध्ये जपानमध्ये व्हॅसोप्रेसिनचे ग्राहक नसलेले उंदीर तयार केले आणि त्यांचा दिवस एकदम आठ तासांनी सरकवला. साधे उंदीर सावरायला आठवडाभर धडपडले, हे जवळजवळ लगेच नव्या वेळेला लागले. त्यांच्या पेशींची एकमेकींवरची पकड सैल होती, म्हणून उजेडाने सहज ओढून नेल्या. रातराणी, तुमच्या अंगातल्या पेशींची ही पकड घट्ट असावी. सवय होत नाही ती कदाचित यामुळेही.

---

रातराणी

हे मी छापून नर्सिंग स्टेशनला लावणार आहे.

---

शिंपलीतला

उशिरा आलो, धागा एका बैठकीत वाचला. एक शंका: घड्याळाला उजेड रोज जुळवतोच, तर मग आत घड्याळ हवंच कशाला? उजेड आला की उठा, गेला की झोपा.

---

सांजसावली

मग आपण सतत मागे पडलो असतो. पहाट व्हायच्या आधीच अंगात कॉर्टिसोल चढायला लागतं, तापमान वर यायला लागतं. उजेड बघून मग तयारीला लागणारा प्राणी तोवर कुणाच्या तरी तोंडात गेलेला असेल. १७२९ मध्ये द मेराँ यांनी लाजाळूसारखं झाड कपाटात, काळोखात ठेवलं होतं. सूर्य दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. ते झाड सूर्याची वाट बघत नव्हतं.

बाबांचंही आता तेच चाललंय, म्हणून मला त्या झाडाचं फार वाटतं.

आता त्यांच्याबद्दल. वही घेऊन आम्ही झोपविकारांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ठिपक्यांचा कागद दोन मिनिटं पाहिला आणि आजाराचं नाव सांगितलं: नॉन-२४, म्हणजे २४ तासांशी न जुळणारं घड्याळ. पूर्ण अंध लोकांमध्ये हा नवीन नाही. २००० साली रॉबर्ट सॅक यांच्या गटाने सात अंध व्यक्तींना रोज ठरल्या वेळेला मेलाटोनिन दिलं होतं, त्यातल्या सहा जणांचं घड्याळ २४ तासांवर आलं. डॉक्टरांनी मात्र लगेच सुरू केलं नाही. म्हणाले, "झोप फिरून रात्रीच्या वेळेवर येऊ दे, तेव्हा पकडू." त्या क्षणी मला ग्लुटामेट आठवलं. मेलाटोनिनचाही कारभार तसाच: चुकीच्या वेळेला दिलं तर काटे उलटीकडे जातात. म्हणून कृपा करून कुणी आपल्या मनाने गोळ्या आणू नका. वेळ ठरवायला आधी वही लागते.

आम्ही वाट पाहिली, तीन आठवडे. झोप १० च्या आसपास आली तेव्हा कमी मात्रेत सुरू केलं, रोज रात्री ८:३० ला, एक मिनिट इकडेतिकडे नाही. पहिले पंधरा दिवस ठिपके सरकत राहिले, आधीपेक्षा कमी तिरपे. मी डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले थांबा. मग रेष हळूहळू उभी राहायला लागली.

काल वहीत नोंद केली. १०:५०. परवाची १०:३५, तेरवाची १०:५५. रात्री बाबांनी स्वतःच विचारलं, "पट्टी ठेवलीस का?" मी म्हटलं, ठेवली. "मग?" म्हटलं, सरळ आहे बाबा. त्यांनी कागद मागितला, बोटं फिरवून पाहिला. पेनने जरा दाबून टाकलेले ठिपके बोटाला लागतात.